मॉडिफाय केलेली गाडी एमिशन टेस्टमध्ये पास कशी करायची

हेडर (मोकळा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे), टर्बो, इनटेक (हवा आत घेणारा पाइप), यातलं काहीही बदललेलं असेल तर एमिशन टेस्टची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो हे मला चांगलं माहितीये. माझ्या गाडीला हेडर, थोडा मोठा कॅम आणि मोठे इंजेक्टर आहेत आणि पहिल्या वेळी ती सपशेल नापास झाली, एचसी (न जळलेलं पेट्रोल) मर्यादेच्या जवळपास तिप्पट आणि सीओ (कार्बन मोनॉक्साइड) पण वर. मग मी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, टाकीत क्लीनरची बाटली ओतली, परत गेलो आणि परत नापास. शेवटी दोष कुठे निघाला तर हेडरचा कलेक्टर जिथे पुढच्या पाइपला जोडतो त्या जॉइंटच्या पॅकिंगमध्ये, ऑक्सिजन सेन्सरच्या चार बोटं आधी, केसाएवढी फट.

आता केसाएवढ्या फटीने गाडी नापास कशी होते ते नीट समजून घ्या, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळत जातं. एक्झॉस्ट पाइपात प्रेशर सतत बाहेरच ढकलत नसतं, प्रत्येक धक्क्यानंतर क्षणभर उलटी ओढ तयार होते आणि फटीतून बाहेरची हवा आत येते. ती हवा पाइपाच्या भिंतीलगत वाहत थेट सेन्सरवर जाते, सेन्सर म्हणतो अरे ऑक्सिजन भरपूर आहे म्हणजे मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतो, आणि प्रत्यक्षात नीट चाललेलं इंजिन रिच (पेट्रोल जास्त) व्हायला लागतं. सगळे पार्ट चांगले, मॅप (ईसीयूमधला पेट्रोल आणि टायमिंगचा तक्ता) चांगला, फक्त सेन्सरला चुकीचं दिसतंय.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, मॉडिफाय केलेली गाडी पास व्हायला दोन गोष्टी जमाव्या लागतात, ऑक्सिजन सेन्सरने ईसीयूला खरं सांगितलं पाहिजे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (म्हणजे कॅट, धूर साफ करणारा डबा) जिवंत आणि गरम पाहिजे. प्रत्येक मॉडिफिकेशन यातल्या एका नाहीतर दोन्ही गोष्टींना धक्का लावतं, आणि आपल्याला शोधायचं असतं की कुठे लावलाय.

पार्ट उघडायच्या आधी तुमच्याकडे टेस्ट नेमकी कोणती होते ते विचारून घ्या. काही ठिकाणी फक्त आयडलला आणि साधारण २५०० ते ३००० आरपीएमवर पाइपात प्रोब घालून गॅस मोजतात, काही ठिकाणी गाडी रोलरवर चालवून लोडखाली मोजतात, नवीन गाड्यांना बऱ्याच ठिकाणी फक्त ओबीडी पोर्टला (ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचायचं सॉकेट) स्कॅनर लावतात, आणि काही ठिकाणी खाली वाकून कॅट, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात पाठवणारा व्हॉल्व्ह), पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी नळी) जागेवर आहेत का ते डोळ्यांनीही बघतात. रोलरवरच्या टेस्टमध्ये नायट्रोजन ऑक्साइड मोजतात, साध्या आयडल टेस्टमध्ये बहुतेक वेळा मोजत नाहीत, त्यामुळे तयारी वेगळी होते. इंजिन स्वॉप केलं असेल तर नियम गाडीच्या वर्षाचा लागतो की इंजिनाच्या हे आधीच लेखी घ्या, तोंडी नको. आणि कॅट काढून सरळ पाइप टाकला असेल तर पुढचं वाचण्याआधी कॅट परत बसवा. तो मुळात कॅट घेऊन आलेल्या इंजिनावर काढणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि मला विचाराल तर तो धूर मागे चालणाऱ्या माणसाच्या छातीत जातो हे कारण पुरेसं आहे.

आता आकडे वाचायला शिका. नापास झाल्यावर मिळणारा कागद फेकून देऊ नका, त्याच्याइतका चांगला मेकॅनिक दुसरा नाही. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते, त्याला लॅम्बडा १ म्हणतात, एकच्या खाली रिच आणि वर लीन. थ्री-वे कॅट सीओ, एचसी आणि नायट्रोजन ऑक्साइड तिन्ही एकदम साफ करतो, पण फक्त लॅम्बडा १ च्या अगदी जवळच्या छोट्या पट्ट्यात. म्हणूनच १९७६ मध्ये बॉशचा लॅम्बडा सेन्सर व्होल्वोत आला त्यानंतर हे कॅट खऱ्या अर्थाने चालायला लागले, त्याआधी मिक्स्चर इतकं घट्ट धरून ठेवायची सोयच नव्हती.

सीओ म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल, तो वर असेल तर मिक्स्चर रिच आहे, दुसरं फारसं काही नसतं. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल, आणि ते रिचमुळेही वर जातं, अति लीन होऊन मिसिंग मारत असेल तरी जातं, प्लग किंवा कॉइल कमजोर असेल तरी जातं, तेल जळत असेल तरी जातं, म्हणून एचसी एकटं बघून काही ठरवू नका. सीओ आणि एचसी दोन्ही वर आणि ऑक्सिजन अगदी कमी, तर रिच. सीओ कमी पण एचसी आणि ऑक्सिजन दोन्ही वर, तर एखादा सिलिंडर पेटत नाहीये, नाहीतर इनटेकला कुठेतरी हवा ओढतेय. एचसी वर आणि बाकी सगळं ठीक, तर इग्निशन बघा, कॅम बघा, तेल बघा. नायट्रोजन ऑक्साइड वर म्हणजे ज्वलन फार गरम होतंय, म्हणजे मिक्स्चर जरा लीन, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) फार पुढे, ईजीआर बंद, इंजिन तापतंय किंवा कॅट थकलाय. कार्बन डायऑक्साइड १४-१५ टक्क्यांच्या आसपास असेल तर ज्वलन चांगलं चाललंय, आणि तो बराच कमी आणि सोबत ऑक्सिजन जास्त असेल तर एकतर मिसिंग आहे नाहीतर सायलेन्सरच्या पाइपात कुठेतरी बाहेरची हवा मिसळतेय. बऱ्याच ठिकाणी फास्ट आयडलला लॅम्बडा पण ०.९७ ते १.०३ च्या आत मागतात, त्यामुळे मागच्या सायलेन्सरला पडलेलं भोकसुद्धा चांगल्या गाडीला नापास करू शकतं.

कामाला सुरुवात कुठून करायची तर लीकपासून, कायम लीकपासून. इंजिन गार असताना व्हॅक्युम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू चिंधी गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडाला लावा, चालू करा आणि प्रत्येक जॉइंटवर साबणाचं पाणी मारा, जिथे बुडबुडे तिथे लीक. हेडर आणि हेडचा जॉइंट, कलेक्टर, सेन्सरचा बंग (सेन्सर बसतो ती आट्याची रिंग), फ्लेक्स पाइपची जाळी, वेल्डिंगच्या रेषा, सगळीकडे बघा, पॅकिंगजवळ काळे काजळीचे डाग दिसले तर तेही लीकच. सीलंट वापरणार असाल तर सेन्सरला चालणारंच घ्या, साध्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरला विष असते. इनटेकच्या बाजूला व्हॅक्युमचे रबरी पाइप, थ्रॉटलची पॅकिंग, मॅनिफोल्डची पॅकिंग, टर्बो असेल तर इंटरकूलरचे सगळे क्लॅम्प. शक्य असेल तर स्मोक मशीन लावून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे आणि महिन्याचा मनस्ताप वाचतो.

त्यानंतर स्कॅनर लावा आणि फ्युएल ट्रिम बघा. ट्रिम म्हणजे ईसीयू मॅपपेक्षा किती पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय. अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर छान, १० च्या पुढे गेलं तर काहीतरी चुकतंय. आयडलला ट्रिम खूप अधिक पण आरपीएम वाढवल्यावर नॉर्मल होतंय तर इनटेकला लीक आहे, कारण आयडलला एकूण हवाच कमी असते आणि फटीतली हवा त्यात मोठी वाटते. उलट आयडलला ठीक आणि लोडवर अधिक जातंय तर पंप, फ्युएल फिल्टर किंवा एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) बघा. माझ्या गाडीत ट्रिम अधिक १८ दाखवत होतं आणि पाइपातून मात्र सीओ वर येत होता. ईसीयू लीन म्हणतोय आणि टेस्टचं मशीन रिच म्हणतंय असं दिसलं की समजायचं सेन्सरला चुकीचं दिसतंय, आणि पहिला संशय सेन्सरच्या आधीच्या एक्झॉस्ट लीकवर घ्यायचा. हा फरक मला पहिल्याच दिवशी बघता आला असता, स्कॅनर घरात होता.

आता एकेका मॉडिफिकेशनबद्दल, जिथे जास्त बोलायचं तिथे जास्त बोलतो.

इनटेक बदलताना लोक एमएएफ सेन्सर काढून दुसऱ्या मापाच्या पाइपात बसवतात आणि इथेच घोळ होतो. ७० मिलिमीटरच्या जागी ८० मिलिमीटरचा पाइप आला की क्षेत्रफळ जवळपास ३० टक्क्यांनी वाढतं, तेवढीच हवा हळू वाहते, सेन्सर हवा कमी मोजतो आणि मॅप बदललेला नसेल तर गाडी लीन होते. पाइप बदलला तर एमएएफचं कॅलिब्रेशन बदललंच पाहिजे. तेल लावायच्या फिल्टरला तेल जास्त झालं तरी ते एमएएफच्या तारेवर चिकटतं आणि रीडिंग बिघडतं, एमएएफ क्लीनरने साफ करा आणि फिल्टरला पुढच्या वेळी तेल बेताने लावा.

मोठे इंजेक्टर हा आयडलचा प्रश्न आहे. इंजेक्टरला करंट मिळाल्यापासून खरंच उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो, आणि हा वेळ बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे बदलतो. छोट्या इंजेक्टरला आयडलला अडीच-तीन मिलिसेकंद मिळत असतात, मोठ्याला फार कमी मिळतात आणि तिथे थोडीशी चूक पण टक्केवारीत मोठी दिसते. म्हणून तुमच्या इंजेक्टरचा नेमका डेड टाइम टेबल मॅपमध्ये भरलाय का हे ट्युनरला विचारा, अंदाजे आकडा टाकलेला असेल तर हेडलाइट लावले की मिक्स्चर बदलतं आणि टेस्टच्या रांगेत एसी चालू करून बसलात तरी बदलतं.

मोठा कॅम, हा खरा अवघड भाग. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा वेळ, म्हणजे ओव्हरलॅप, वाढतो, आयडलला थोडं ताजं मिक्स्चर न पेटताच सरळ एक्झॉस्टमध्ये निघून जातं आणि थोडा जळालेला धूर परत इनटेकमध्ये येतो, त्यामुळे मधूनमधून मिसिंग. म्हणजे एचसी तर वाढतंच पण सोबत न वापरलेला ऑक्सिजन पण बाहेर जातो, सेन्सर तो बघून लीन म्हणतो आणि ईसीयू आणखी पेट्रोल टाकतो. तीच फटीची गोष्ट, फट नसताना. इथे तीन उपाय खरंच चालतात. आयडल आरपीएम थोडं वाढवा, टेस्टच्या नियमात बसेल तेवढंच, ९५०-१००० ला कॅम ८०० पेक्षा बराच शांत चालतो. ॲडजस्टेबल पुली असेल तर ओव्हरलॅप कमी होईल अशा बाजूला दोन-तीन अंश फिरवून बघा, व्हॉल्व्ह पिस्टनला लागणार नाही याची खात्री करूनच. आणि आयडलच्या जागी मॅप गॅस ॲनालायझरवर बघून लावा, वाइडबँडच्या (लॅम्बडाचा नेमका आकडा देणारा सेन्सर) एका आकड्यावर नाही, गरज पडली तर आयडलला क्लोज्ड लूप (सेन्सर बघून ईसीयूने स्वतः पेट्रोल बदलणं) बंद ठेवून मिक्स्चर हाताने बसवलेलं जास्त चांगलं येतं. टायमिंग आयडलला थोडं मागे घेतलं तर एक्झॉस्ट गरम होतं, पाइपात एचसी जळतं आणि कॅट तापतो, पण फार मागे घेतलं तर आयडल डळमळतं आणि परत मिसिंग सुरू, तेव्हा एकेक अंशाने जा.

हेडरमुळे कॅट पुढच्या जागेवरून बराच मागे जातो आणि धूर तिथपर्यंत पोचेस्तोवर गार होतो. कॅट साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला काम सुरू करतो, त्याखाली तो नुसतं डबडं आहे. म्हणून कॅट शक्य तितका इंजिनाजवळ घ्या, मधल्या पाइपाला सिरॅमिक कोटिंग किंवा हीट रॅप करा, आणि सेन्सर मागे सरकला असेल तर हीटर असलेला चार वायरचाच लावा. स्पोर्ट्स कॅट घेताना सेल काउंट विचारा, कंपनीच्या कॅटमध्ये चौरस इंचाला ४०० ते ६०० सेल असणं नेहमीचं, १०० सेलचा कॅट दिसायला कॅट असतो पण त्यात धुराला चिकटायला जागाच कमी, मोठ्या कॅमसोबत तर त्याच्या भरवशावर राहू नका. २०० सेलचा चांगल्या दर्जाचा, नीट तापलेला, माझ्या गाडीला पुरतो.

टर्बोची लोकांना फार भीती वाटते पण आयडल आणि हलक्या लोडवर टर्बो गाडी साध्या गाडीसारखीच चालते, तिथे बूस्ट नसतोच. फक्त एमएएफवर चालणाऱ्या गाडीत हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह असेल तर मोजलेली हवा बाहेर जाते आणि क्षणभर रिच होतं, तो परत इनटेकमध्ये जोडा. आणि थर्मोस्टॅट काढून टाकला असेल किंवा फार गार उघडणारा बसवला असेल तर परत मूळ बसवा, इंजिन पूर्ण तापलंच नाही तर ईसीयू वॉर्म-अपचं जादा पेट्रोल टाकत राहतो. पीसीव्हीची नळी उघडी सोडलेली असेल तर जोडा. ईजीआर ब्लँक केला असेल तर उघडा.

यावरून एक गोष्ट ट्युनरशी बोलताना लक्षात ठेवा. पॉवर लागते फुल थ्रॉटलला, टेस्ट होते आयडल आणि हलक्या लोडवर, आणि या दोन्ही जागा मॅपमध्ये वेगवेगळ्या आहेत. त्यामुळे टेस्टसाठी एक मॅप आणि रस्त्यासाठी दुसरा असा प्रकार करायची गरजच नाही, हलक्या लोडवर लॅम्बडा १ धरला तर वरची एकही हॉर्सपॉवर जात नाही. ज्या ट्युनरला आयडल आणि क्रूझवर वेळ घालवायचा कंटाळा आहे त्याच्याकडे गाडी देऊ नका.

ओबीडीवाली टेस्ट असेल तर खेळ वेगळा. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून हे सक्तीचं आहे, १६ पिनचं पोर्ट. चेक इंजिन लाइट पेटलेला असला की नापास, आणि आदल्या रात्री कोड उडवून गेलात तरी नापास, कारण कोड उडवले की रेडिनेस मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्यांची नोंद) पण कोरे होतात आणि स्कॅनरला ते लगेच दिसतं. ते भरायला गाडी चालवावीच लागते, रात्रभर गार झालेली गाडी सुरू करा, थोडा वेळ आयडलला ठेवा, मग एकसारख्या स्पीडने हायवेवर, मग पाय काढून ब्रेक न मारता स्पीड उतरू द्या, असं दोन-चार दिवस. इव्हॅपचं (टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) मॉनिटर टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी असेल तर चालतच नाही, अर्ध्याच्या आसपास ठेवा. रीमॅप करताना ट्युनरने मॉनिटर बंद केलेले असतील किंवा स्टँडअलोन (कंपनीच्या जागी बसवलेला) ईसीयू असेल आणि तो पोर्टवर बोलतच नसेल, तर ते टेस्टच्या दिवशी कळण्यात अर्थ नाही, स्कॅनर लावून आठवडाभर आधी बघा. कॅटच्या मागच्या सेन्सरला स्पेसर किंवा सिम्युलेटर लावून कॅटचा कोड लपवू नका, तो कोड तुम्हाला कॅट मेलाय हे फुकटात सांगत असतो.

कॅट जिवंत आहे का हे स्कॅनरवरच बघता येतं. नॅरोबँड (फक्त रिच की लीन एवढंच सांगणारा) सेन्सर असेल तर गरम इंजिनावर पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली उडत असतं आणि मागच्याचं ०.६-०.७ च्या आसपास शांत असायला हवं. मागचा पण पुढच्यासारखाच नाचत असेल तर कॅट संपला. पण नवीन बसवायच्या आधी जुना का मेला ते शोधा, मिसिंग असेल तर न जळलेलं पेट्रोल आत पेटून कॅटमधलं सिरॅमिकचं जाळं वितळतं, तेल जळत असेल तर त्यातला फॉस्फरस त्याच्यावर थर देतो, आणि शिसं असलेलं रेस फ्युएल एकदाही वापरलं तर कॅट आणि सेन्सर दोन्हींना लागतं. कारण तसंच ठेवून नवीन कॅट लावला तर तो पण सहा महिन्यांत तिथेच जाईल.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर आधी फ्लोट लेव्हल, मग टॅपेट आणि पॉइंट किंवा इग्निशन, आणि मिक्स्चरचा स्क्रू सगळ्यात शेवटी, ॲनालायझर लावून, पाव-पाव फेऱ्याने. डिझेलला बहुतेक ठिकाणी रेस देऊन धुराची घनता मोजतात, तिथे बूस्ट लीक, चोकअप एअर फिल्टर, इंजेक्टर आणि मॅपमधलं लो आरपीएमचं जादा डिझेल एवढंच बघा, आणि जायच्या आधी टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते नक्की बघा कारण इंजिन पार कट-ऑफपर्यंत फिरवतात.

टेस्टच्या आठवड्यात इंजिन ऑइल बदला. जुन्या तेलात पेट्रोल मुरलेलं असतं, तेल तापलं की त्याची वाफ पीसीव्हीमधून परत आत जाते आणि एचसी वाढतं, मोठ्या इंजेक्टरच्या गाडीत तर हे हमखास. टाकीत ताजं पेट्रोल असू द्या. त्या दिवशी गाडी २०-३० मिनिटं चांगली लोडवर चालवत न्या, रेंगाळत नको, आणि रांगेत इंजिन बंद करू नका, शक्य असेल तर गर्दी नसलेली वेळ घ्या. नंबर यायच्या आधी मिनिट-दोन मिनिटं २५०० वर धरा म्हणजे कॅट परत तापेल. एसी, हेडलाइट, पंखा सगळं बंद. माणसाला आधीच सांगा की गाडी गरम आहे, लगेच घेतली तर बरं होईल, बहुतेक जण ऐकतात.

तरी नापास झालात तर कागद घ्या, वरचे गॅस परत एकत्र वाचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी पॅकिंग बदललं, बाकी कशाला हात लावला नाही, ट्रिम अधिक १८ वरून अधिक ३ वर आलं आणि सीओ मर्यादेच्या आत गेला, पण एचसी तरी काठावर होतं. मग आयडल ९५० केलं आणि दोन अंश टायमिंग मागे घेतलं, त्यानंतर गाडी पास झाली. तो कागद आणि त्या दिवशीचा मॅप दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवलेत, पुढच्या वेळी आकडा सरकला तर कुठून सरकला ते लगेच दिसतं.